घार आधी, गिधाड मागाहून

विसाव्या शतकाच्या आरंभी आग्र्याला अर्नेस्ट हॅनबरी हँकिन नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ सरकारी रासायनिक परीक्षक म्हणून काम करीत होते. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, हे त्यांनी 1896 साली दाखवून दिले होते. त्यासाठी त्यांचे नाव अजूनही घेतले जाते. परंतु या गृहस्थांना दुसराही एक छंद होता. घारी आणि गिधाडे पंख न हलविता तासन्‌तास आकाशात कशी राहतात, हे पाहण्यात त्यांनी वर्षे घालविली आणि 1913 साली त्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांच्या टिपणांत एक गोष्ट वारंवार येते. सकाळी सर्व पक्षी एकाच वेळी विहरू लागत नाहीत. उन्हाचा ताव थोडा चढला की प्रथम घारींची फडफड थांबते आणि त्या घिरट्या घेत वर सरकू लागतात. जड अंगाची गिधाडे मात्र झाडांवर पंख पसरून बसून राहतात. त्यांची पाळी मागाहून येते. हवा घारीसाठी ‘विहारयोग्य’ होते तेव्हा ती गिधाडासाठी झालेली नसते, असे हँकिन यांचे निरीक्षण होते. ते अचूक होते. त्याचे कारण मात्र त्यांना नीट उलगडले नाही. वर चढणाऱ्या हवेने एवढे सगळे साधत असेल, हे त्यांना पटत नव्हते.

खरे कारण तेच आहे. ऊन हवेला फारसे तापवीत नाही, ते जमिनीला तापविते, आणि जमीन तिला टेकलेल्या हवेला. जमीन सर्वत्र सारखी तापत नाही. नांगरलेले काळे रान, खडकाळ माळ, गावातील छपरे लवकर तापतात. हिरवे शेत आणि तळे मागे राहते. तापलेल्या ठिकाणची हवा हलकी होऊन स्तंभासारखी वर उठते. उन्हाळ्यात माळावर धुळीची वावटळ उठते, तेव्हा या स्तंभाचे बूड डोळ्यांना दिसते; एरवी तो अदृश्यच असतो. पंख ताठ धरून तरंगणारा मोठा पक्षी दर सेकंदाला साधारण एक मीटर खाली घसरत असतो. भोवतालची हवा दोन-तीन मीटर वर जात असेल, तर घसरणारा पक्षीही वरच जातो. फक्त त्याने स्तंभाबाहेर पडता कामा नये. म्हणून घिरट्या! त्यांत डौल दिसतो खरा, पण ती निव्वळ निकड असते.

सकाळचे स्तंभ अरुंद आणि दुबळे असतात. घारीचे वजन किलोभरही भरत नाही आणि पंखांचा पसारा मात्र दीड मीटरच्या आसपास. ती सावकाश उडते, लहान वर्तुळात वळते आणि अरुंद स्तंभातही मावते. पांढऱ्या पाठीचे गिधाड पाच किलोंच्या घरात जाते. पंख दोन मीटरांहून लांब असले तरी वजन ज्या पटीने वाढते त्या पटीने त्यांचे क्षेत्रफळ वाढलेले नसते. त्याला वेगाने उडावे लागते, आणि वेग वाढला की वळणही रुंद होते. जमीन पुरती तापून स्तंभ रुंद व जोरकस होईपर्यंत त्याला थांबणे भाग असते. फडफडत वर जावे म्हटले, तर एवढे वजन उचलण्याचे श्रम स्नायूंना फार वेळ पेलत नाहीत.

ऊर्ध्वगामी हवेची बाजू उचलून धरणाऱ्यांत सर गिल्बर्ट वॉकर होते. हिंदी हवामान खात्याचे हे प्रमुख मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहेत. पक्ष्यांच्या विहाराविषयी त्यांनी 1920 नंतरच्या दशकात लिहिले. पाऊस आणि गिधाड यांचा संबंध तसा जवळचाच आहे. पावसाळ्यात आभाळ झाकलेले असते आणि पडलेल्या उन्हाची पुष्कळशी उष्णता ओल्या जमिनीतील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. स्तंभ उठतात, पण दुबळे आणि थोडा वेळ. अशा दिवसांत कड्यावर राहणाऱ्यांचे बरे चालते. वारा सह्याद्रीसारख्या भिंतीवर आदळून वर वळतो, त्या प्रवाहावर उन्हाशिवायही तरंगता येते. लांब चोचीचे गिधाड कडेकपारीत घरटे करते. ओरछ्याच्या छत्र्यांवरही त्याची घरटी आहेत.

हवेने साथ दिली तर ही काटकसर कोठवर जाते? दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरच्या काँडोर पक्ष्यांना यंत्रे बांधून केलेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. उड्डाणाच्या एकूण वेळेपैकी सुमारे एक टक्काच वेळ त्यांनी पंख हलविले होते, तेही बहुतेक जमिनीवरून उठताना. एक पक्षी तर पाच तासांहून अधिक काळ, 172 किलोमीटर, एकदाही पंख न मारता उडाला.

हिंदुस्थानातील गिधाडांना हीच काटकसर पुढे महाग पडली. फुकटच्या प्रवासामुळे एक गिधाड दिवसभरात फार मोठा मुलूख पाहून येते, आणि एक खाली उतरले की दूरवर तरंगणारी दुसरी त्याच्याकडे वळतात. एका मेलेल्या गुरावर दहा दिशांचे पक्षी जमतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे 2004 साली सिद्ध झाले. शंभरांतील एका मढ्याहूनही कमी मढ्यांत ते असले, तरी एवढा संहार होण्यास पुरेसे होते, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडले. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची हजारांतील जेमतेम एक-दोन गिधाडे उरली. जनावरांसाठी या औषधाच्या वापराला 2006 साली बंदी झाली. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांच्यावरची बंदी 2023 पर्यंत लांबली. या विलंबाचे समर्थन करणे कठीण आहे.

हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. तेथील काही पक्षी 2024 साली महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंच येथे आणून पुढे मोकळे सोडण्यात आले. इस्राएलमधील गिधाडांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले आहे की, वारा स्तंभाला तिरपा करतो तेव्हा प्रौढ पक्षी त्याच्याबरोबर सरकत राहतो, तर पहिल्या वर्षाचे पिल्लू पुन:पुन्हा बाहेर घसरते. पिंजऱ्यात वाढलेल्या गिधाडाला हा सराव करण्यास जागाच मिळालेली नसते. त्याची शिकवणी दार उघडल्यावर, ऊन चढल्यानंतर सुरू होते.