दोनशे नव्वदची रांग

सोलापुरातल्या आमच्या वाचनालयाचा हॉल यंदा अभ्यासिका झाला. लांब टेबलं गेली, प्लायवूडचे कप्पे आले. धर्म-तत्त्वज्ञानाची कपाटं जिन्याखाली. कार्यकारिणी खूश, कारण अभ्यासिकेची फी दरमहा येते.

1967 साली ग्रंथालय कायदा झाला, अनुदान आलं, दप्तर वाढलं. पुढची वीसेक वर्षं कादंबऱ्या जात होत्या, येत होत्या. सांगण्यासारखं दशक नव्वदचं.

1990 मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं आणि आमच्याकडे निराळे वाचक येऊ लागले. आमची पुस्तकं ड्यूईसाहेबाच्या वर्गीकरणाने लावलेली; त्यात 220 ते 280 हे क्रमांक ख्रिस्ती धर्माला. हिंदू, बौद्ध, जैन, मुसलमान सगळे 290 मध्ये कोंबलेले. उघड पक्षपात, पण आमच्या पथ्यावर पडला. ज्ञानेश्वरीवरचं विवेचन शोधणाऱ्याच्या हाती विनोबांचं ‘कुराण सार’ लागे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ हिंदू धर्मात लावायचा की इस्लाममध्ये, यावर ग्रंथपाल आणि एक निवृत्त उर्दू शिक्षक यांची आठवडाभर जुंपली होती. कवी मुसलमान, सूफी परंपरेतले; ग्रंथ मराठी ओव्यांचा, त्यात योग आणि भक्ती. शेवटी पुस्तक मराठी काव्यात गेलं, वाद मात्र मिटला नाही. रोज संध्याकाळी त्यात नवा कुणीतरी पडायचा. धर्मांचा संवाद म्हणतात तो मी एवढाच पाहिला, आणि तो चांगला चालला होता.

बाबरी मशीद पडल्यावर एका सभासदाने उर्दू दैनिक बंद करण्याची सूचना आणली. कारण दिलं काटकसरीचं! हे गृहस्थ स्वतः दिवाळी अंक तीन-तीन महिने परत करत नसत. ग्रंथपालांनी विरोध केला म्हणून दैनिक वाचलं. ते निवृत्त होताच बंद झालं. 2004 च्या जानेवारीत एका पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली, तेव्हा आमच्या कार्यकारिणीने वादग्रस्त वाटतील ती पुस्तकं कुलूपबंद केली. वादग्रस्त कोणती हे ठरवायला ती वाचावी लागतात, ही अडचण कुणालाच जाणवली नाही. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांची पुस्तकं पहिल्याच दिवशी आत गेली.

आता 2 ऑक्टोबरला सर्वधर्मसमभावावर व्याख्यान असतं. शाल, श्रीफळ, तासभर भाषण. श्रोत्यांतून कुणी प्रश्न विचारायला उठलं की सूत्रसंचालक लगबगीने आभार मानायला घेतात.