उत्तर न देणाऱ्या नऊ जणी

गेल्या हिवाळ्यात आम्ही बहरैनला धाकट्या बहिणीच्या बिऱ्हाडी महिनाभर राहून आलो. मनामा शहराच्या अदलिया भागात, उपाहारगृहे व चित्रदालने यांनी गजबजलेल्या गल्ल्यांच्या मागे, त्यांचे घर आहे. भाची तेथील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. शरीररचना, औषधे इत्यादी विषय तिला असणार हे ठाऊक होते. परंतु संशोधन कसे करावे याचेही स्वतंत्र धडे असतात, हे आम्हांस नव्याने कळले.

एके दिवशी शब्बाथ उतरल्यावर तिने वही पुढे केली. उदाहरण कल्पित होते. समजा, ४० बाळंतिणींस विचारले, 'गरोदरपणी लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या काय?' ३१ जणींनी उत्तर दिले, त्यांपैकी २६ जणी 'होय' म्हणाल्या. तर निष्कर्ष लिहा. भाचीने लिहिले होते, शेकडा ८४.

"मावशी, बरोबर ना?"

उत्तर न सांगता प्रश्न विचारावा, ही अध्यापन-विद्यालयात लागलेली आमची जुनी खोड. आम्ही म्हणालो, "अगं, उरलेल्या नऊ जणी कोठे गेल्या?"

"त्यांनी उत्तरच दिलं नाही, म्हणून सोडल्या."

मग दोघांनी मिळून हिशेब मांडला. त्या नऊही जणी 'नाही' म्हणणाऱ्या असत्या तर आकडा शेकडा ६५ वर येतो. साऱ्या 'होय' म्हणणाऱ्या असत्या तर ८७.५ वर जातो. खरे उत्तर या दोहोंमध्ये कोठेही असेल. शिवाय, उत्तर कोण देत नाही? जी आजारी आहे, जी थकली आहे, जिला लिहितावाचता येत नाही, ती!

दुसरा धडा तुलनेचा होता. त्यासाठी आम्ही हाफकिनसाहेबांची गोष्ट काढली. परळच्या संस्थेस १९२५ साली ज्यांचे नाव दिले गेले, ते हे यहुदी शास्त्रज्ञ. मुंबईत प्लेगचा कहर चालू असता त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी लस घेण्यास तयार झाले. बाकीचे त्याच भिंतींआड, तेच अन्न खात राहिले. टोचणीच्या दिवशीच ज्यांस लक्षणे दिसली त्यांची गणना निराळी ठेवली. पुढे लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, दगावले कोणीच नाही.

भाची म्हणाली, "पण पुढे आले तेच मुळात धडधाकट असतील तर?"

शंका रास्त होती. म्हणूनच कोणास औषध द्यावे हे पुढे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवू लागले; १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीने ही रीत रूढ केली. आणि कैद्याचा होकार तो खरा होकार काय? संमती स्वखुशीचीच हवी, हे १९४७ साली न्युरेंबर्गच्या न्यायासनाने पहिले कलम म्हणून लिहिले. ते कोणाच्या यातनांमुळे लिहावे लागले, हे आपल्या वाचकांस सांगणे नको.

असो. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमची आजी अलिबाग तालुक्यातील एका खेड्यात दुसऱ्या बाळंतपणात गेली. कशाने, असे विचारले की घरात एकच उत्तर मिळे: नशीब. त्याच काळात आपल्याच समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरातील मातांच्या मृत्यूंची कारणे शोधण्याचे काम हाती घेतले. त्यांचा अहवाल १९४१ साली छापला गेला. 'नशीब' या शब्दावर समाधान न मानता त्यांनी कारण विचारले. आजी शहराबाहेर राहिली. त्या मोजणीतही ती नाही. तीही उत्तर न देणाऱ्यांपैकीच.

सकाळी भाचीस आम्ही हे सांगितले. ती काही बोलली नाही. तिने वहीतील ८४ हा आकडा खोडला आणि खाली लिहिले, '४० पैकी २६ होय, ५ नाही. ९ जणींचे उत्तर मिळाले नाही. त्यांच्याकडे पुन्हा जावे.'