विमान पुन्हा वर गेलं, बरं झालं!

मे महिन्यात अचानक वावटळ सुटली की गच्चीवरच्या वाळवणाची आणि आपली काय तारांबळ उडते, ते तुम्हाला सांगायला नकोच. मग विचार करा मैत्रिणींनो, अशा वाऱ्यात पन्नास-साठ टनांचं, माणसांनी भरलेलं विमान जमिनीवर कसं उतरवत असतील?

माझी भाची वैमानिक आहे. ती घरी आली की आळीतल्या बायका हमखास विचारतात, "अगं, वाऱ्यात विमान हलतं तेव्हा भीती नाही वाटत?" एकदा मीही विचारलं. म्हणाली, "मावशी, समोरून येणारा वारा तर आमचा मित्र. त्रास देतो तो आडवा आणि झोतांनी येणारा."

समोरचा वारा पंखांना उचल देतो. त्यामुळे विमान कमी वेगात टेकवता येतं आणि लवकर थांबतं. पण धावपट्टी काही वाऱ्याबरोबर फिरत नाही! वारा बाजूनं असेल तर विमानाचं नाक किंचित वाऱ्याकडे वळवून खाली यायचं. नदीला पाणी असताना नावाडी नाही का नाव प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोखतो आणि बरोबर समोरच्या घाटाला लावतो? अगदी तसंच. टेकायच्या क्षणी पायातल्या पेडलनं नाक सरळ करायचं आणि वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ नये म्हणून जरासा दाबून धरायचा.

झोत एकदम पडला की विमानही खाली बसतं. म्हणून आधीच थोडा जादा वेग ठेवतात. पण तोही मिठासारखा, बेतानं! फार झाला तर धावपट्टी पुरत नाही.

एवढं करूनही वारा कधी कधी ऐकत नाही. 1 मार्च 2008 ची गोष्ट. जर्मनीत 'एमा' नावाचं वादळ आलं होतं. लुफ्थान्साचं एअरबस ए-320 विमान 132 प्रवासी आणि 5 कर्मचारी घेऊन म्युनिकहून हॅम्बुर्गला उतरत होतं. वाऱ्याचे झोत 47 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे 87 किलोमीटर, आणि तेही उजव्या बाजूनं. चाक टेकलं न टेकलं तोच डावा पंख खाली गेला आणि त्याचं टोक जमिनीला घासलं! वैमानिकांनी तत्काळ इंजिनांना ताकद देऊन विमान पुन्हा वर नेलं. मग वाऱ्याला जास्त सामोरी असलेली दुसरी धावपट्टी घेतली आणि विमान सुखरूप उतरलं. कुणालाही इजा झाली नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्या प्रसंगाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. आधी कॅप्टनचं कौतुक झालं. नंतर कळलं, पहिल्या प्रयत्नात सूत्रं 24 वर्षांच्या सहवैमानिक मुलीच्या हाती होती. झालं, चर्चा तिच्याकडे वळली! "बाईच्या हातात दिलं की असंच व्हायचं," हे वाक्य आपण स्कूटरपासून ऐकत आलोय, नाही का?

पण 2010 मध्ये जर्मनीच्या अपघात चौकशी विभागाचा अहवाल आला. त्यात काय होतं? एका बाजूचं चाक टेकताच विमानाच्या संगणकानं 'आता आपण जमिनीवर आलो' असं धरलं आणि पंख सावरण्याची ताकद कमी केली. ही गोष्ट वैमानिकांच्या माहितीपुस्तकात नव्हतीच. आडवा वारा किती चालेल, याचा जो आकडा पुस्तकात होता, तो सक्तीची मर्यादा की नुसती माहिती, याबद्दलही वैमानिकांमध्ये एकमत नव्हतं. वारा त्या आकड्यापलीकडे गेल्यावर कॅप्टननं दुसरी धावपट्टी मागायला हवी होती, असंही अहवालात म्हटलं होतं. म्हणजे प्रश्न बाई-पुरुषाचा नव्हताच.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, आम्हाला पहिल्यापासून शिकवतात, उतरायचंच असा हट्ट धरायचा नाही." जमिनीपासून हजार फुटांवर, आकाश स्वच्छ असेल तर पाचशे फुटांवर, वेग, दिशा, उतार सगळं जुळलेलं हवं. नसेल तर सरळ वर जायचं. याला 'गो अराउंड' म्हणतात. अनेक कंपन्यांत दोघांपैकी कुणीही हा शब्द उच्चारला, तरी विमान वर न्यावंच लागतं. अनुभवी कॅप्टनशेजारी बसलेल्या नव्या मुलीनं म्हटला, तरीही! तिचा शब्द मानायचा हे तिथे नियमातच आहे. आपल्या किती घरांत असं आहे, सांगा बरं?

तेव्हा विमानप्रवासात कधी उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं, तर घाबरू नका आणि वैमानिकाच्या नावानं बोटंही मोडू नका. पट्टा घट्ट आवळा, शेजारच्या रडवेल्या बाईचा हात धरा आणि तिला सांगा, "अहो, आत कुणीतरी शहाणपणानं वागतंय. दहा-पंधरा मिनिटं उशीर होईल, एवढंच."