छपाईच्या पीडीएफमधील अक्षरदोष व त्यांवरील उपाय

शाळेच्या संगणकावर स्वच्छ दिसणारी प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानातून छापून येते, तेव्हा कधी कधी तीत मधूनच चौकोन उमटतात, वेलांट्या जागा सोडतात व जोडाक्षरे फुटतात. नुकते वाचू लागलेल्या मुलास हा दोष यंत्राचा आहे हे कळत नाही. आपणांसच वाचता येत नाही, असे त्यास वाटते. म्हणून या दोषाचे मूळ प्रत्येक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पीडीएफ म्हणजे पानाचे केवळ छायाचित्र नव्हे. कोणते अक्षर कोठे बसवावयाचे, याची तीत नोंद असते. अक्षरांची वळणे मात्र फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत नसेल, तर दुकानातील संगणक आपल्याजवळचा दुसरा फॉन्ट योजतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत देवनागरी वळणे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असल्याने तेथे मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात.

पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. अडोबी रीडरमध्ये 'फाइल', 'प्रॉपर्टीज', 'फॉन्ट्स' अशी यादी उघडावी. प्रत्येक फॉन्टपुढे 'एम्बेडेड' अथवा 'एम्बेडेड सबसेट' असे असावयास हवे.

२. तसे नसल्यास मूळ वर्ड फाइलवरून पीडीएफ पुन्हा करावी. त्या वेळी 'ऑप्शन्स'मध्ये पीडीएफ/ए हा पर्याय निवडावा. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या मानकात फॉन्ट अंतर्भूत करणे बंधनकारक आहे.

३. नवा मजकूर मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी अशा युनिकोड फॉन्टमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टमधील मजकुराचा नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. तो परिवर्तकातून काढून पुन्हा शब्दशः तपासावा लागतो.

४. फॉन्ट अंतर्भूत असूनही छपाई बिघडल्यास छपाईच्या 'ॲडव्हान्स्ड' खिडकीतील 'प्रिंट ॲज इमेज' हा पर्याय वापरावा. छपाईस वेळ अधिक लागतो, परंतु अक्षरे पडद्यावर दिसतात तशीच उमटतात.

दोष शाळेच्या पडद्यावरही दिसत असेल, तर तो मूळ मजकुरातच सुधारला पाहिजे. 'दुसऱ्या' ऐवजी 'दुसर्या' दिसत असेल, तर बहुधा टंकलेखनात 'ऱ' ऐवजी साधा 'र' आलेला असतो. पीडीएफ कितीही वेळा केली तरी तो जाणार नाही.

सर्व प्रती काढण्यापूर्वी एकच प्रत छापून ती आरंभापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावी. मुलांच्या हाती जाणारा प्रत्येक कागद हा त्यांच्यापुढील शुद्धलेखनाचा नमुनाच होय.