रंगीत सांडपाणी व सूक्ष्मजंतू

केळणा व पूर्णा यांच्या संगमावरील जाफराबादच्या परिसरात कपाशी पिकते. कापडास रंग चढतो तो मात्र इचलकरंजी, सोलापूर यांसारख्या गावी. धाग्याने न धरलेला रंग तेथे सांडपाण्याबरोबर वाहून जातो.

१८५६ साली विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग तयार केला. असे रंग ऊन, पाणी व साबण यांस दाद देऊ नयेत अशा बेताने बनविलेले असतात. लुगडे घेताना आपण जो पक्का रंग पारखून घेतो, तोच नाल्यात गेल्यावर लवकर नाहीसा होत नाही.

यांपैकी पुष्कळ रंग 'अ‍ॅझो' वर्गातील होत. त्यांच्या रेणूत नत्राचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात आणि रंग दिसतो तो मुख्यतः या जोडणीमुळे. सूक्ष्मजंतू अन्न पचवितात तेव्हा सुटणारे इलेक्ट्रॉन त्यांना कोठेतरी सोपवावे लागतात. हवा असेल तर प्राणवायू ते घेतो. नसेल तर ते या बंधाकडे जातात व बंध तुटतो. म्हणून पहिल्या टाकीतील पाणी न ढवळता ठेवतात. जंतूंना खाद्यही लागते. नुसत्या रंगावर ते क्वचितच तग धरतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी 'स्यूडोमोनास' वंशातील एसयूके-१ हा जंतू कापडाच्या रंगाचे विघटन करतो, असे २००८ साली प्रसिद्ध केले.

परंतु पाणी पांढरे झाले म्हणजे निर्धोक झाले, असे कोणी समजू नये. बंध तुटल्यावर अमाइन नावाची द्रव्ये उरतात. त्यांतील काही कर्करोगास कारण होतात. त्यांच्या विघटनासाठी दुसऱ्या टाकीत हवा खेळवावी लागते. यासाठीच संशोधक शुद्ध केलेल्या पाण्यात ज्वारी, गहू, मूग यांचे बी रुजवून पाहतात.

तरीही मीठ उरतेच. सुती कापड रंगविताना रंग धाग्यावर बसावा म्हणून पाण्यात पुष्कळ मीठ घालतात व ते कोणताही जंतू खात नाही. असे पाणी काळ्या जमिनीस वारंवार दिल्यास सोडियम साचून जमीन चोपण होते, निचरा बिघडतो. तेव्हा कारखान्याचे 'शुद्ध' पाणी कोणी फुकट देऊ केले, तर ग्रामसेवकांनी प्रथम त्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून प्रयोगशाळेकडे पाठवावा व क्षार, सोडियम आणि अमाइन यांची तपासणी मागावी. अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी पिकास देऊ नये, गुरांसही पाजू नये.