सहा दिवस, पाच सामने

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या कंबरलँड पठारावर, दाट झाडीत, सेवानी हे छोटं गाव आहे. एपिस्कोपल चर्चच्या बिशपांनी १८५७ साली तिथे ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ स्थापन केली; तिलाही सेवानीच म्हणतात. मध्ये यादवी युद्ध आलं आणि वर्ग भरायला १८६८ उजाडलं. मुलं मोजकी, पैसा त्याहून मोजका. इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाने १८९९च्या हंगामात बारा सामने खेळले आणि बाराही जिंकले. त्यांनी केलेले गुण ३२२, त्यांच्यावर झालेले अवघे १०. मला मात्र या आकड्यांहून थक्क करतं ते नोव्हेंबरातल्या सहा दिवसांचं वेळापत्रक.

त्यामागचं कारण पैशाचं होतं. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी होणाऱ्या सामन्यातून सेवानीला चांगला गल्ला मिळायचा. त्या वर्षी गल्ल्याच्या वाटणीवरून दोघांचं फिसकटलं आणि सामनाच रद्द झाला. संघाचा व्यवस्थापक ल्यूक ली हा स्वतः विशीतला विद्यार्थी. तोटा भरून काढायला त्याने धाडसी दौरा आखला: रेल्वेने थेट टेक्सास गाठायचं आणि परतीच्या वाटेवर सामने खेळत यायचं. परगावच्या पाण्याने पोटं बिघडू नयेत म्हणून गावच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून गाडीत चढवलं. खेळायचे बूट मात्र फलाटावरच राहिले आणि ते मागाहून मागवावे लागले, असं सांगतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार: ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठावर १२-० असा विजय. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम, १०-०. शनिवारी न्यू ऑर्लिन्सला टुलेन, २३-०. रविवारी विश्रांती. सोमवारी बॅटन रूजला लुइझियाना स्टेट, ३४-०. मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपी, १२-०. सगळा प्रवास मिळून सुमारे चार हजार किलोमीटरचा, आणि एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर जायचं ते रात्रीच्या गाडीने.

तेव्हाचा खेळ कसा होता हे ठाऊक असल्याशिवाय या पराक्रमाचं वजन कळत नाही. चेंडू पुढे फेकण्याची मुभा १९०६ साली मिळाली. तोवर तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं आणि तेही चेंडूवाल्याभोवती कडं करून समोरच्या रांगेवर आदळत. कबड्डीतली साखळीच चढाईवर निघाली तर कशी दिसेल, तसं काहीसं. बहुतेकांच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. मैदान सोडलेल्या गड्याला त्या सामन्यात परतता येत नसे, म्हणून दुखलं-खुपलं तरी माणूस उभाच राहायचा. टेक्सासविरुद्ध कर्णधार हेन्री सीबल्सचं डोकं फुटलं. मलमपट्टी करून तो खेळत राहिला. असं अंग ठेचून घेतलेल्या मुलांनी गाडीच्या डब्यात झोपून पुन्हा नव्या, ताज्या संघासमोर उभं राहायचं आणि त्याला एकही गुण करू द्यायचा नाही! प्रशिक्षक बिली सटर प्रिन्स्टनचा, तिथल्या शिस्तीत तयार झालेला. पण नुसती शिस्त इथे पुरली नसती. एकमेकांसाठी झिजायची तयारी असल्याखेरीज पाचव्या सामन्यात पाय उचलत नाहीत, असं मला ठाम वाटतं.

सेवानीवर चढलेले ते १० गुण एकाच सामन्यातले. ३० नोव्हेंबरला माँटगोमेरीत ऑबर्नने त्यांना खरं झुंजवलं. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन, ज्याच्या नावाचा करंडक आज महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक मान समजला जातो. सेवानी जिंकली ती ११-१० अशी, एका गुणाने. लगेच २ डिसेंबरला अटलांटात नॉर्थ कॅरोलायनावर ५-० मात करून हंगाम संपला.

ल्यूक ली पुढे टेनेसीचा सिनेटर झाला. पहिलं महायुद्ध संपल्यावर, जानेवारी १९१९मध्ये, हॉलंडमध्ये आश्रयाला असलेल्या जर्मन कैसरला पळवून आणायला तो काही सोबत्यांसह थेट त्याच्या मुक्कामी जाऊन धडकला. बेत फसला. सेवानी १९३२ साली स्थापन झालेल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या क्रीडागटाच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होती. तोवर मोठ्या विद्यापीठांचा पैसा आणि मनुष्यबळ कुठल्या कुठे गेलं होतं. त्या गटात तिला एकही सामना जिंकता आला नाही आणि १९४०मध्ये ती बाहेर पडली. संघ आजही खेळतो, ज्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही त्या विभागात.