एंडोस्कोपीनंतर लगेच चहा का देत नाहीत?

सकाळपासून उपाशी असलेल्या पेशंटला एंडोस्कोपी संपली की पहिली आठवण येते ती चहाची. पण नर्स थांबायला सांगते. असं का?

तोंडातून नळी घालण्याआधी घशात लिग्नोकेनचा स्प्रे मारतात. त्याने घसा बधिर होतो. अशा वेळी घोटभर पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि गरम चहाने तोंड भाजलं तरी कळत नाही. म्हणून साधारण अर्धा ते एक तास थांबायचं. मग आधी पाण्याचा एक घोट. ठसका लागला नाही, तर मऊ भात, पातळ वरण.

नुसती तपासणी असेल, तर लवकरच रोजचं जेवण सुरू होतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावले असतील, तर मात्र काही दिवस मऊच खायचं. कारण बँड गळून पडतात, तिथे जखम राहते.

झोपेचं इंजेक्शन दिलं असेल, तर २४ तास गाडी चालवायची नाही.

घसा एक-दोन दिवस खवखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पोटात किंवा छातीत जोरात दुखणं, ताप, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. पॉलिप काढला असेल, तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो.